गळ्यापर्यंत भरलेली टाकी

"गेली," हे म्हणाले. "परत गेली."

इंजिन आधी खोकल्यासारखं तुटत तुटत चाललं, मग गप्प झालं, आणि गाडी आपल्याच वेगानं थोडी पुढं सरकून एका बाभळीखाली उभी राहिली. ह्यांनी सेल्फ मारला. घर्र घर्र घर्र. परत मारला. परत तेच.

"अहो, बॅटरी उतरंल. दम धरा जरा," मी मागून ओरडले. माझ्या मांडीवर परात होती आणि मी तीळ निवडत होते. भोगीचा दिवस होता. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि सगळ्या शेंगांची मिळून एक भाजी, एवढं त्या दिवशी झालंच पाहिजे. न खाई भोगी तो सदा रोगी.

"तुला काय कळतंय गं त्यातलं?" ह्यांनी वळून न बघताच विचारलं.

मी तिळातला एक खडा वेचून खिडकीबाहेर टाकला. चाळीस वर्षांत हा प्रश्न इतक्यांदा ऐकला होता की त्याचं उत्तर द्यायचं असतं हेच मी विसरले होते.

ह्या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा बासष्टची होते, हे सत्तरीला टेकलेले. हे म्हणजे पिसाळ सर. आयुष्यभर हायस्कूलमध्ये भूगोल शिकवला. भिंतीवरच्या नकाशावर छडीनं नद्या दाखवल्या, पण एका नदीचा उगम कधी डोळ्यांनी बघितला नव्हता. रिटायर झाल्यावर ह्यांनी एका शाळेची मोडीत निघालेली बारकी बस घेतली. बाकडी काढून टाकली, दोन कॉट ठोकल्या, टपावर पाण्याची टाकी चढवली, आणि ड्रायव्हरच्या मागं खिडकीपाशी एक ओटा बांधला. चार फूट बाय सहा फुटांचं स्वयंपाकघर. गॅस, मांडणी, बादलीएवढी मोरी. म्हणाले, "चल हौसा, आता सगळ्या नद्यांचे उगम बघायचे."

मला नद्यांचं फारसं काही नव्हतं. खरं सांगते, मला त्या ओट्याचं होतं. लग्न झालं तेव्हा स्वयंपाकघर सासूबाईंचं होतं. त्या गेल्या आणि थोरल्या जाऊबाईंचं झालं. मग पुण्याला संग्रामकडं, म्हणजे आमच्या लेकाकडं राहायला गेलो, तर ते सुनेचं. सून गुणाची आहे, तिच्याबद्दल एक शब्द वाकडा बोलणार नाही. पण डब्यांवर चिठ्ठ्या तिच्या हातच्या, आणि जिरं काढून परत जागच्या जागी ठेवलं का, हे मी दोनदा बघायची. गाडीत पहिल्यांदा चहा केला तेव्हा साखरेचा डबा कुठं ठेवायचा हे ठरवायला मला अर्धा तास लागला, कारण सांगायला कुणीच नव्हतं. त्या दिवशी मी डबा चार ठिकाणी ठेवून बघितला आणि एकटीच हसले.

संग्रामला हे खूळ पसंत नव्हतं. त्याचंही काही चुकत नव्हतं. ह्यांना ब्लडप्रेशर, माझे गुडघे. आडरानात काही झालं तर? शेवटी त्यानं बापाकडून शब्द घेतला: गाडी रस्त्यात बिघडली आणि मला तुम्हाला आणायला यावं लागलं, तर त्याच दिवशी गाडी विकायची आणि घरी यायचं. ह्यांनी शब्द दिला. आणि पिसाळ सर दिलेला शब्द मोडत नाहीत, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. त्यामुळं बाभळीखाली गाडी उभी राहिली तेव्हा मी आधी माझ्या ओट्याकडं बघितलं.

कारण त्या सकाळची ही दुसरी वेळ होती. फलटणहून निघालो होतो. माणगंगेच्या उगमाकडं जायचं म्हणून मोगराळ्याचा घाट चढायचा होता. फलटणला टाकी गळ्यापर्यंत भरली आणि दहा-बारा किलोमीटरवर गाडी पहिल्यांदा बंद पडली. एक ट्रकवाला इंजिन चालूच ठेवून थांबला. भला माणूस. त्यानं विचारलं, "डिझेल हाय का?" आमचा डिझेलचा काटा कधीचा मेलेला. मी खाली उतरून टाकी उघडली, लाकडी पट्टी बुडवून काठोकाठ ओली दाखवली. त्यानं इंजिनापाशी काहीतरी दाबल्यासारखं केलं, हे चावीला गेले, आणि गाडी सुरू. "थंडीचे दिवस हायेत," म्हणाला आणि गेला. पंधरा किलोमीटर झाले नाहीत तोवर ही बाभळ.

टाकी मी उघडली, कारण टाकीचं तोंड बरोबर माझ्या खिडकीखाली होतं आणि तिथं मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते. झाकणाच्या आतला रबरी वायसर झिजला होता. सकाळी पंपावरून निघालो आणि पहिल्याच गतिरोधकाला डिझेल डचमळून बाहेर आलं. सगळं स्वयंपाकघर रॉकेलच्या दुकानासारखं घमघमायला लागलं. भोगीचा नैवेद्य काय डिझेलच्या वासाचा दाखवायचा? मी तिथंच गाडी थांबवायला लावली. टाकीच्या तोंडावर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक दुहेरी घातलं, वर जुन्या लुगड्याची पट्टी घेतली, सुतळीचे तीन वेढे आवळले आणि वरून झाकण दाबून बसवलं. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात, तसा. सासूबाईंनी उभ्या जन्मात माझी एकच स्तुती केली, ती दादऱ्यावरून. वास एकदम बंद झाला. ट्रकवाल्याला पट्टी दाखवायला सोडला, तोही परत तसाच बांधला. हे दोन्ही वेळा स्टिअरिंगवर होते, त्यांना पत्ताही नव्हता.

आता बाभळीखाली ह्यांनी फाट्यावरच्या चहावाल्याला विचारून मिस्त्रीला निरोप धाडला. अर्ध्या तासात तो मोटारसायकलवरून आला. गुलाब मुलाणी नाव, चाळिशीचा, खांद्याला हत्यारांची पिशवी, पानानं तोंड लाल. गाडीत डोकावून त्यानं आधी माझा ओटा बघितला.

"आयला! हे तर घरच हाय की, काकी."

"घरच आहे," मी म्हटलं. "चालू करून दे."

त्यानं इंजिनावरचं झाकण उचललं, आत मान घातली आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाला, "सर, गाडीनं हवा धरलीया."

"हवा धरली म्हणजे काय?" मी विचारलं.

"डिझेलच्या पायपात हवा शिरली की इंजनाला डिझेल मिळत न्हाई. हवा काडून टाकली की झालं. पाच मिंटाचं काम."

पाच मिनिटांचा तास झाला. फिल्टरवरचा एक स्क्रू ढिला करायचा, हातपंप दाबायचा, बुडबुडे जाऊन निव्वळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा, असं ते काम. पण निव्वळ डिझेल काही येईना. गुलाबचा चेहरा बदलत गेला.

"उलटंच हाय, सर. स्क्रू ढिला केला की डिझेल भाईर याय पायजे. हितं भाईरची हवा आत वडली जातीया. आन् हातपंप बगा कसा कडक लागतोय. पंधरा वर्सं झाली, असलं न्हाई बगितलं."

"पाइप कुठं फुटला असेल," हे म्हणाले.

"सगळं पाइप तपासलं. काकी, डिझेल हाय न्हवं?"

"गळ्यापर्यंत."

"मग नळीनं बाटलीभर काडतो. फिल्टर हातानं भरून बगू."

"तू नको. तुझे हात बघ. माझ्या खिडकीखाली ग्रीस नको मला. दे ती नळी इकडं."

मी दादरा सोडला. त्याच वेळी उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर शेजारून गेला, टेपवर गाणी लावून, एवढ्या मोठ्यानं की ह्यांनी कानावर हात ठेवले. मी बाटली भरून दिली. गुलाबनं फिल्टर भरला, हातपंप दाबला आणि ओरडला, "आला! मारा सर!"

गाडी सुरू झाली. गुलाबनं छाती पुढं काढून हात पुसले. ह्यांचा जीव भांड्यात पडला. मी खिडकीखाली गेले, दादरा परत बांधला, आणि ह्या वेळी घाट आहे म्हणून एक वेढा जास्तीचा मारला.

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. संग्राम होता. कामासाठी बारामतीला आलोय म्हणाला, तुम्ही कुठं आहात? आता एवढं विचारल्यावर एखादा माणूस म्हणाला असता, मजेत आहोत. पण हे खोटं बोलत नाहीत. हा गुण मला आयुष्यभर नडला.

"गाडी दोनदा बंद पडली होती," हे म्हणाले. "आता चालू आहे."

"थांबा तिथंच. येतोय मी."

"अरे, चालू आहे म्हटलं ना."

"अण्णा, मी येतोय. घाटाच्या रस्त्यानंच येतो."

"गुलाबभाऊ," मी म्हटलं, "तू घाट चढेपर्यंत मागं चल. तुझ्या पाया पडते."

"पाया कशाला, काकी? चलतो की. मलाबी बगायचंच हाय."

घाटात तीन वळणं चढलो. चौथ्याला इंजिन खोकलं. मी डोळे मिटून घेतले. खोकलं, तुटलं आणि बंद पडलं. ह्यांनी ब्रेक दाबला, गुलाबनं पळत येऊन चाकांमागं दगड लावले.

पाऊण तास तो इंजिनात डोकं घालून होता. तो बाहेर आला तेव्हाच संग्रामची गाडी वळणावर दिसली. लेक उतरला, आधी बापाचा हात हातात घेतला, नाडी बघितल्यासारखा, मग माझ्याकडं आला. त्याच्या कपाळावर आठ्या होत्या आणि डोळ्यांत भीती होती. तो रागावला असता तर बरं झालं असतं. रागाला मी उलट बोलले असते.

"काय झालंय, मिस्त्री?"

"पंप खोलावा लागंल, सायेब. साताऱ्याला न्यायचा. चार-पाच दिस तरी." गुलाबनं पान थुंकलं. "पन पंपच गेलाय असं छातीठोक न्हाई सांगत. गाडी चालती तवा चांगली चालती, आन् बंद पडती ती का पडती, कायबी कळंना."

"म्हणजे दुरुस्त केली तरी भरवसा नाही."

"भरवसा कसा दिऊ?"

संग्रामनं ह्यांच्याकडं बघितलं. "अण्णा, शब्द काय होता?"

हे गाडीला टेकून उभे होते. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "गाडी रस्त्यात बिघडली आणि तुला यावं लागलं, तर विकायची."

"मग?"

"मग काय. शब्द म्हणजे शब्द." खिशातली चावी काढून त्यांनी लेकाच्या हातावर ठेवली. वर्गात खडू ठेवतात तशी, हलकेच. आणि दरीकडं तोंड करून उभे राहिले.

"आई, सामान भर. चल, घरी जाऊ," संग्राम मऊपणानं म्हणाला. "फलटणला एक जुन्या गाड्या घेणारा आहे, त्याला मी येतानाच फोन केलाय. तो उद्या ओढून नेईल. मिस्त्री, टाकीतलं डिझेल तेवढं काढून ठेवा, इथं रात्रीतून चोरी होईल."

"मी काढते," मी म्हटलं. ओट्याकडं बघायचं मला टाळायचं होतं. भिजवलेले पावटे तसेच होते, परातीत निवडलेले तीळ. आपलं असं एक ठिकाण मिळायला मला बासष्ट वर्षं लागली होती आणि ते सहा महिन्यांत चाललं होतं. रडू येत होतं, आणि रडू आलं की मी कामाला लागते.

खिडकीखाली गेले. घाटात त्या घटकेला एकही गाडी नव्हती, पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. झाकण काढलं. बघते तर दादरा आत खचलेला. एरवी डफासारखा सपाट ताणून बांधते मी, तो मधोमध वाटीएवढा आत ओढला गेला होता. म्हटलं, हे काय? सुतळीचा वेढा सैल केला, प्लास्टिकची कड उचलली.

फुस्स्स.

बाहेर नाही आली हवा. आत गेली. टाकीनं केवढा तरी मोठा श्वास आत ओढला आणि प्लास्टिक सैल पडलं.

तुम्ही कधी तेलाचा डबा फोडलाय का? पंधरा किलोचा, सीलबंद? एकच भोक पाडलं तर तेल येत नाही. डबा उपडा केला तरी थेंब थेंब येतं, मग तेही थांबतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडायचं, हवा आत जायला, की धार लागते. हे मला नवव्या वर्षी आईनं शिकवलं होतं. आणि बासष्टाव्या वर्षी मीच त्या टाकीचं दुसरं भोक बंद केलं होतं. इंजिन डिझेल ओढतंय, टाकीत हवा शिरत नाही, मग डिझेल येणार कुठून? मी झाकण उलटं करून बघितलं. मधोमध सुईएवढं भोक होतं. कंपनीनं मुद्दाम ठेवलेलं. त्याच्यावर मी दुहेरी प्लास्टिक आणि लुगड्याची पट्टी आवळली होती.

लाकडी पट्टी बुडवायला टाकी उघडली, गाडी चालू. बाटली भरायला उघडली, गाडी चालू. ट्रकवाल्यानं नाही केली, गुलाबनं नाही केली. आणि तिन्ही वेळा बांधून बंदही मीच पाडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

पहिला विचार काय आला, तो खरा सांगते. दादरा दरीत फेकून द्यावा. कुणी बघितलेलं नाही. गाडी सुरू होईल, गुलाबला वाटेल त्याच्या हाताला यश आलं. चाळीस वर्षांत माझ्या हातचं मीठ कधी चुकलं नाही, कणीक कधी सैल झाली नाही. आणि आता ह्या तिघा बाप्यांसमोर म्हणायचं की गाडी माझ्या दादऱ्यानं मारली? उद्या म्हणतील, डिझेलच्या गाडीत बाईचं स्वयंपाकघर हवंच कशाला.

पण मग गाडीचं काय? ती का बंद पडली हे कुणालाच कळलं नाही, तर ती बिघडलेलीच. आता सुरू झाली तरी संग्राम म्हणणार, उद्या परत पडेल. गप्प राहिले तर अब्रू माझी राहत होती आणि गाडी जात होती. नीट विचार केला तर ह्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

"सगळे इकडं या!" मी ओरडले.

तिघं आले. मी दादरा हातात धरून सगळं सांगितलं. वास, दुधाची पिशवी, वेढे, तेलाचा डबा, सगळं. गुलाबचं तोंड उघडंच राहिलं. संग्राम आधी माझ्याकडं बघत राहिला आणि मग खो खो हसत सुटला.

"आई! टाकीला दादरा?"

"हस. पोट भरून हस. पण गाडी बिघडलेली नाही."

"हौसा, तुला काय..." ह्यांनी सुरुवात केली आणि पुढचं गिळलं.

गुलाब झाकण डोळ्यापाशी धरून भोकातून आभाळ बघत होता. "बरूबर हाय, सर. म्हनून स्क्रू हवा आत वडत हुता. म्हनून पंप कडक. बाईमानसानं वळकलं, आन् मी पंधरा वर्सं..." त्यानं स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

पण संग्राम इंजिनियर आहे. हसू ओसरल्यावर म्हणाला, "असेल. नसेलही. आत्ता योगायोगानं सुरू होईल आणि पुढच्या महिन्यात तुम्ही कुठल्यातरी जंगलात अडकाल. कशावरून हेच कारण?"

मला राग आला. असा आला की गुडघे दुखायचे थांबले.

"कशावरून? आत्ता दाखवते. बांधते आणि बंद पाडून दाखवते. सोडते आणि चालू करून दाखवते. दोन्ही माझ्या हातानं. मग तर मानशील?"

"आई, अगं..."

"आई-बिई काही नाही. चावी दे अण्णांना. बस आत."

"काकी," गुलाब म्हणाला, "मिस्त्री मी हाय का तुमी?"

"आत्ता मी. तू हातपंप मार."

टाकी उघडी ठेवून गुलाबनं हातपंप दाबला. "मऊ लागला!" तो ओरडला. ह्यांनी चावी फिरवली आणि दुसऱ्याच घर्रला गाडी सुरू. मग मी खाली उतरले आणि तिघांच्या देखत दादरा बांधला. तेच प्लास्टिक, तीच पट्टी, चार वेढे. झाकण दाबलं. "चला."

गाडी चढायला लागली. संग्राम कॉटवर, मी ओट्याला धरून, गुलाब मागं मोटारसायकलवर. एक वळण गेलं, दुसरं गेलं. गाडी मजेत चाललेली. तिसरं गेलं. संग्रामनं घड्याळात बघितलं. सुतळी सैल पडली का? प्लास्टिकला भोक पडलं का? आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला सांगत होते, बाबा रे, आमची गाडी बंद पाड. चौथं वळण गेलं. वर घाटमाथा दिसायला लागला. म्हटलं संपलं, आता हा म्हणणार, बघ आई.

आणि इंजिन खोकलं.

मी एवढ्या मोठ्यानं "पडली!" म्हणून ओरडले की ह्यांनी दचकून ब्रेक मारला. दोन-तीन आचके देऊन गाडी गप्प. मी संग्रामचं मनगट धरलं आणि त्याला खाली ओढत नेलं, लहानपणी शाळेत न्यायची तसं.

"काढ झाकण."

त्यानं काढलं. दादरा खचलेला.

"हात लाव."

त्यानं बोट टेकवलं. प्लास्टिक ताठ, आत ओढलेलं. मी सुतळी सोडली. फुस्स्स करून टाकीनं त्याच्या बोटाखालून हवा ओढली, तसा तो इंजिनियर एक पाऊल मागं सरला.

"अण्णा, मारा," तो हळूच म्हणाला. गुलाबनं हातपंप चार वेळा दाबला होता, ह्यांनी चावी फिरवली. गाडी सुरू.

मग आम्ही दादऱ्याशिवाय घाटमाथा ओलांडला, पलीकडं दहा किलोमीटर गेलो, वळलो, परत घाट उतरलो, संग्रामनं वळणावर राहिलेली त्याची गाडी बरोबर घेतली, परत चढलो. इंजिन एकदाही खोकलं नाही. डिझेलचा वास मात्र सुटला होता. माथ्यावर एका वडाखाली थांबून गुलाबनं मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबची गोल चकती कापली, झाकणाच्या कडेला बसवली आणि मधलं भोक मोकळं ठेवलं. वासही बंद आणि हवाही चालू. "हे आदी सांगितलं आसतं तर, काकी," म्हणाला. मी म्हटलं, "आधी तू विचारलंस का, गाडीला वास कुठून येतो ते?" तो हसला.

बसची चावी संग्रामनं परत काढून घेतली होती, ती बोटाभोवती फिरवत तो उभा होता. "अण्णा, पण शब्द..."

ह्यांनी घसा खाकरला. वर्गात उभं राहावं तसे सरळ झाले. "शब्द होता गाडी बिघडली तर. गाडी बिघडली नव्हती. तिला श्वास घेता येत नव्हता. हे सिद्ध केलेलं आहे, तुझ्यासमोर, दोन्ही बाजूंनी. आणि सिद्ध कुणी केलं?" एवढं बोलून थांबले. चाळीस वर्षांत कधी न केलेली गोष्ट त्यांनी केली. लेकाकडं आणि मिस्त्रीकडं बघत, माझ्याकडं हात करून म्हणाले, "हौसानं. त्यातलं कळतं तिला."

मी पदरानं नाक पुसलं आणि वास अजून जात नाही, असं काहीतरी म्हणाले. आज मागं वळून बघते तेव्हा वाटतं, बाळंतपणानंतर पोर पहिल्यांदा हातात घेतलं, तेव्हा वाटला होता तेवढा अभिमान मला त्या वडाखाली माझा स्वतःचा वाटला.

संग्राम फोन काढून बाजूला गेला. आम्हाला ऐकू येत होतं. "हो, ती बस. नाही, नको. विकायची नाही. नाही हो, बिघडलेली नाही." परत आला, चावी ह्यांच्या खिशात टाकली.

दिवस कलायला लागला होता. मी आत जाऊन गॅस पेटवला. पावटे, घेवडा, गाजर, वांगं, सगळं कढईत टाकलं, तिळाचं कूट घातलं. भाकरी थापायला घेतली. म्हटलं, लेकाला पुण्याला जायचंय, उशीर होईल, दोन भाकरी बांधून द्याव्यात.

तर तो दारात येऊन उभा. बूट काढून हातात घेतलेले. पुण्याला तो रोज रात्री घरी यायचा आणि "आई, जेवायला दे" म्हणायचा, सुनेच्या ओट्यापाशी उभी राहून मी द्यायची. आज मात्र तो पायरीवर थांबला होता, आत यायचं की नाही असं बघत. पाहुणे थांबतात तसा.

"आई," तो म्हणाला, "भोगी आहे ना आज? तुझ्याकडं जेवून जाऊ का?"

तव्यावरची भाकरी मी उलटली. तीळ तडतडले.

"ये की," मी म्हटलं. "हात धू आणि बस. पाट नाही माझ्याकडं, कॉटवर बस."